तेवीस अंश

ईमेलखाली सही होती ए. मुकादम.
मला वाटलं, हुद्दा असेल.
ब्लॅकबर्नच्या चढावर, बंद सूतगिरणीच्या मागे
दारात उभे होते ते, सत्तरी ओलांडलेले,
दोन हातमोजे दोन रंगांचे,
आणि मुकादम हे आडनावच निघालं.

बूट काढले. साइटवरचे, लोखंडी टोकाचे.
उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर.
डोक्याला काही आणायचं विसरले होते,
त्यांनी कपाटातून ओढणी काढून दिली,
डांबराच्या गोळ्यांचा वास असलेली.

आधी हे मेथडिस्टांचं प्रार्थनाघर.
दारावरच्या दगडात १८७१ तसंच आहे.
बिडाचे खांब तसेच, माथ्यावर द्राक्षांचे घोस,
कोणी छाटले नाहीत, नुसता हिरवा रंग दिला.
बाकं गेली. त्यांच्या खिळ्यांची भोकं
गालिच्याखाली अजून टाचेला कळतात.

मग लक्षात आलं, आणि क्षणभर गरगरलं:
गालिचा तिरका आहे.
भिंती एकीकडे बघतात, पट्टे दुसरीकडे,
जणू कुणी घर जागच्या जागी धरून
आतली जमीन तेवढी फिरवली.
मेहराब पार कोपऱ्यात, प्लायवूडची.
"मक्का तिकडं," ते म्हणाले, "बिल्डिंगला काय ठाव."

मी कोन घेतला. तेवीस अंश.
माझ्या फॉर्मवर त्याला रकाना नव्हता.
"आम्ही तेव्हा बापाच्या होकायंत्रानं घेतला,
आगबोटीवरच्या. तेवीस का? मग बरोबर."
तिरक्या रांगांनी भिंतीशी सोडलेल्या त्रिकोणांत
गुडघे गेलेल्यांच्या खुर्च्या, कुराणांची मांडणी,
आणि एकात नुसत्या छत्र्या, कधी कुणी न्यायला न आलेल्या.

मी मोजते ते मोठ्यानं. जुनी खोड.
आणि आकडे माझे मराठीतच येतात.
छतावरचे ओलीचे डाग: सोळा, सतरा, अठरा,
"एकोणीस," मागून आवाज. "खांबाआड एक हाय."
वळून पाहिलं तर ते छताकडेच बघत होते.
"हर्णै," एवढंच म्हणाले, "साठ सालं झाली."
पुढचे आम्ही दोघांनी मिळून मोजले,
एकतीसपर्यंत.

वर सज्जात, जिथे पूर्वी ऑर्गन होता,
सफूराबाई, हिशेबाची वही काखेत.
"खाली नवा गालिचा, वर नवी बादली,
हे लिहा तुमच्या अहवालात."
त्यांची नात हसली. बाई हसल्या नाहीत.

जोहरची वेळ झाली. माणसं येत गेली:
टॅक्सीवाले, कोपरापर्यंत पीठ असलेला बेकरीवाला,
पाठीवरची बॅग न काढता उभा राहिलेला मुलगा.
एकेक जण आत येई आणि तेवीस अंश वळे,
न बघता, अंधारात आपण दिव्याच्या बटणाकडे वळतो तसा.
सगळे वाकले. कुणी मोठ्यानं काही म्हणत नव्हतं.
सज्जातला थेंब सगळ्या दालनाला ऐकू येऊ लागला
तेव्हा सफूराबाईंनी रांगेत शिरण्याआधी
बादलीत एक टॉवेल टाकला.

माझं लेसर चालू राहिलं होतं.
लाल ठिपका इमामांच्या पाठीवर,
दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये.
विझवला, पण त्या मुलानं पाहिला होता,
आणि त्याची नजर ठिपका गेल्यावरही
तिथून हलली नाही.
नंतर मी त्याला यंत्र हातात दिलं.
त्यानं भिंत मोजली, मग स्वतःची उंची,
मग परत दिलं. मला माफी मागता आली नाही,
कशाबद्दल ते इंग्रजीतही नीट सांगता येईना.

बाहेर पडताना बूट सापडेनात.
कुणीतरी ते फिरवून ठेवले होते,
टोकं दाराकडे, नाड्या सैल,
नुसते पाय घालून निघता यावं असे.
ओढणी तशीच डोक्यावर राहिली,
गाडीत बसल्यावर वास आला तेव्हा कळलं.

अहवाल त्याच रात्री केला.
छप्पर, दक्षिण उतार, स्लेट बदलणे, पन्हळी साफ करणे.
कामाचा क्रम या रकान्यात, खाली रेघ मारून:
सज्जा आधी.